मनकर्णाबाईचा डावा डोळा

मिशन दवाखाना, किन्हीराजाजवळ
१३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

ज्योत्स्नाचा नमस्कार. फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही. तू नुसती "हाव, हाव" करतेस आणि मग शेजारच्या सुगराचाचीला विचारतेस, पोरगी काय म्हणत होती. म्हणून हे पत्र. आमची गाडी दर गुरुवारी डोळे तपासायला इंझोरीला येते. ड्रायव्हर उदयसिंगभाऊ तुझ्या हातात देतील. सुगराचाची, मोठ्याने वाचा, उजव्या कानाशी.

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीतून तीन महिन्यांची रजा काढून मी इथे आले, हे बाबांनी तुला सांगितलंच असेल, आणि चिडूनच सांगितलं असेल. चिडू देत. मला इथे दहा दिवस झाले आणि मला बरं वाटतंय.

दवाखाना म्हणजे चार खोल्या, वर पत्रे, आणि एक ऑपरेशनची खोली, जी आमच्या पुण्याच्या हॉस्पिटलातल्या खोलीपेक्षा स्वच्छ आहे. ख्रिस्ती लोकांचं मिशन आहे. डॉ. मार्था म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, साठीच्या आसपासच्या, अकरा वर्षं इथेच. शिस्त भयंकर. परवा मी सहा मिनिटं उशिरा आले तर घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ह्याच बाई म्हाताऱ्या माणसांची नखं कापत बसतात आणि त्यांची डोकी धुऊन देतात. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. मी म्हटलं, द्या, हे माझं काम. तर म्हणाल्या, "तू दुसऱ्याची काप. प्रत्येकाला वीस बोटं आहेत, कामाचा तुटवडा नाही."

आता मुद्द्याचं. तुझा उजवा डोळा तुरीच्या खुंटानं गेला तेव्हा मी शिकत होते, काही करू शकले नाही. आता तुला एकच डोळा आहे आणि त्यात मोतीबिंदू भरत आलाय. तो निघतो. पण जास्त पिकू दिलास तर डोळाच हातचा जाईल. सोमवारी २५ तारखेला गाडी पेशंट आणायला येईल, तिच्यात बस. मंगळवारी ऑपरेशन. मी आहेच.

तुझी,
ज्योत्स्ना

*

इंझोरी
२१ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्नाले आत्याचे लय लय आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. सुगरानं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच म्हणलं, ते नखाचं पुन्हा वाच वं. डॉक्टरीण असून म्हाताऱ्यायची नखं काटते, हे मले काही पटलं नाई. उदयसिंगाले विचारलं तं तो म्हणला, खरं हाय, माह्या मायची बी काटली.

तुले पगार किती, हे तू लिहिलं नाई. मी तेबी त्यालेच विचारलं. फुकट राबून राह्यली म्हणे. धन्य हाय बाप्पा. घरी होती तवा पाण्याचा गिलास हातात द्या लागे.

गावात लोकं काहीबाही बोलतात. मिशनवाले डोया देतात अन् धरम घेतात म्हणे. पारावर खेमा म्हणला, मनकर्णाकाकू, तुमाले गयात क्रूस घालून पाठवतीन. मी म्हणलं, सोन्याचा असन तं घालीन. हासले मंग सारे.

माह्या डोयाचं तू उगीच मनावर घेतलं. मले चांगलं दिसते. सकाळी थोडं धुकं असते, दुपारून जाते. पण तुह्या हट्टापायी येते.

तुही आत्या,
मनकर्णाबाई

*बेटी ज्योत्स्ना, आता खालचं मी माझ्या मनानं लिहिते. हिला वाचून दाखवणार नाही. धुकं दुपारून जात नाही. परवा ही माझ्या अंगणात आली अन् बकरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "दुआ, तुही आजी कुठी गेली?" दुआ माझी नात, ती तर शाळेत होती. आम्ही सगळे हसलो, ही पण हसली. मग घरी गेली ती दोन दिवस बाहेर निघाली नाही. कान तर गेलेच बेटी. डोळा पण गेला तर हिच्याशी माणसानं बोलायचं कसं? हिचं तर सगळं बोलण्यावरच चालतं. घेऊन जा हिला.*
*— सुगराबी*

*

मिशन दवाखाना
२७ नोव्हेंबर

आत्या,

काल तू काय केलंस, ते मला अजून समजत नाही.

सोमवारी तू हसत आलीस. डॉ. मार्थांनी तुझी नखं कापली तेव्हा त्यांना म्हणालीस, "बाई, अंगठ्याचं राहू द्या, मटर सोलाले लागते." सगळी खोली हसली. मंगळवारी डोळ्यात थेंब टाकले, गालाला औषध लावलं, हिरवी टोपी घातली, मी स्वतः तुला टेबलावर झोपवलं आणि शेजारच्या खोलीत पुढच्या पेशंटला थेंब टाकायला गेले. पाच मिनिटं झाली नसतील. गलका ऐकून धावले तर तू टेबलावरून उतरून भिंत चाचपत फाटकापर्यंत गेली होतीस, अनवाणी. विचारलं तर एकच, "मले घरी ने." तुझं बघून आणखी दोघं उठून गेले.

डॉ. मार्थांनी तुला एक शब्द विचारला नाही. उदयसिंगभाऊंना गाडी काढायला लावली, आणि तुझ्या चपला सापडेनात म्हणून स्वतःच्या तुझ्या पायात घातल्या. तुला ते कळलं तरी का? दिवसभर त्या ऑपरेशनच्या खोलीतल्या रबरी सपाता घालून फिरल्या.

मला कारण माहीत आहे. पारावरच्या लोकांनी तुझ्या डोक्यात भरवलं. इथे सकाळी गाणी होतात, ज्याला बसायचं तो बसतो. मी तीन आठवड्यांत एकदाही बसले नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. धर्म जाईल म्हणून एकुलता एक डोळा घालवणारी माझी आत्या नाही, असं मी समजत होते. खेमाच्या थट्टेला हसणारी तू, आणि ऐन वेळी त्याच्याच बोलण्याला भ्यालीस.

हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटू दे.

ज्योत्स्ना

*

इंझोरी
२८ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्नाले आशीर्वाद.

रागावू नको पोरी. घरी म्हैस विणाले आली होती, त्याचीच चिंता लागली होती. जनावर अडलं तं कोण पाह्यन? म्हणून उठून आली. दुसरं काही नाई.

त्या बाईच्या चपला उदयसिंगाजवळ देल्या. धुऊन देल्या. लय भली बाई हाय ती, तिले तू काही बोलू नको. तिचा काही दोष नाई. तुह्यासाठी ठेचा देला हाय, झाकण घट्ट लावजो.

आता डोयाचं पुन्हा काढू नको. माह्या वयाच्या बायायनं किती पाह्यचं? पाह्यलं तितकं लय झालं.

तुही आत्या

*बेटी, कसली म्हैस? म्हैस तर पोळ्याच्या आधीच विकली, तुला पण माहीत आहे. खोटं बोलायला पण हिला नीट येत नाही.*

*हिनं काल चौकटीपासून संडासापर्यंत दोरी बांधून घेतली. हिच्या गोधडीच्या सगळ्या सुया माझ्या मशीनच्या डब्यात आणून टाकल्या. म्हणाली, "सुगरा, आता तूच वापर." तेव्हा मी हिचा हात धरून बसवलं अन् म्हटलं, खरं सांग, तुला तुझ्या देवाची आण.*

*मग बोलली. म्हणे, "मले तिथी काहीच दिसत नव्हतं. नुसता मोठा दिवा. मंग डॉक्टरीण माह्या डोक्याशी उभी राह्यली, मान खाली घातली, अन् दोन्ही हात जोडले. तेवढं मले त्या उजेडात दिसलं. ज्योत्स्नाची माय अकोल्याले भरती होती तवा डॉक्टर असाच बाहेर आला, अन् आमच्यासमोर असेच हात जोडले. तिले मंग आमी चादरीत घरी आणलं. डॉक्टर हात कवा जोडते सुगरा? त्याच्या हाती काही राह्यत नाई तवाच. माह्या डोयाचं काही होत नाई, हे तिले समजलं होतं. बिचारी तोंडानं कशी सांगन?"*

*तुला सांगू नको म्हणाली. आपण जिथं राबतो तिथंच आत्याच्या डोळ्याला हात टेकले, असं कळलं तर पोरगी खचेल म्हणे. मी आण घातली होती ती खरं बोलायची. गप बसायची मी घेतली नव्हती.*
*— सुगराबी*

*

मिशन दवाखाना
४ डिसेंबर

ती. आत्यास,

मागचं माझं पत्र फाडून चुलीत घाल. मी तुला जे बोलले त्याची मला फार लाज वाटतेय. सुगराचाचीवर चिडू नकोस, तिनं सांगितलं म्हणून बरं झालं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. डॉक्टरांनी हात जोडले होते हे मला कोणी कधी सांगितलं नाही. तू ते इतकी वर्षं एकटीच धरून होतीस.

आता ऐक. डॉ. मार्था प्रत्येक ऑपरेशनच्या आधी हात जोडतात. प्रत्येक. अर्धं मिनिट डोळे मिटून त्यांच्या देवाचं नाव घेतात, मग कामाला लागतात. संपलं म्हणून नाही, सुरू करायचं म्हणून. मला ते रोजचं झालं होतं, तुला सांगून ठेवायला हवं हे सुचलंच नाही. चूक माझी आहे.

सुगराचाचीनं लिहिलेलं मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्या खुर्चीत बसल्या. मग आमच्या जुन्या आयाबाईंना, रुपाबाईंना बोलावलं आणि विचारलं, "आजवर टेबलावरून किती जण उठून गेले?" रुपाबाई बोटांवर गावं मोजायला लागल्या. एक तांड्यावरची म्हातारी, एक वाशीमचा दर्जी, एक मालेगावचा मास्तर. अकरा झाले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, पुरे. आम्ही सगळे समजत होतो की माणसं सुरीला घाबरतात. डॉक्टर म्हणाल्या, "मी त्यांच्यासाठी देवाला हाक मारत होते, आणि त्यांना वाटलं मी त्यांना निरोप देतेय."

काल मंगळवारी त्यांनी टेबलाशी हात जोडले नाहीत. पहाटेच चॅपलमध्ये जाऊन आल्या म्हणे. ऑपरेशनं सगळी नीट झाली. पण जेवणाचं ताट तसंच ठेवून उठल्या.

उद्याच्या गाडीत त्या स्वतः तुझ्याकडे येताहेत. मी येऊ शकत नाही, वॉर्डात दहा जणांच्या पट्ट्या आहेत. त्यांना हाकलून देऊ नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना

*

इंझोरी
१२ डिसेंबर

चि. ज्योत्स्नाले आत्याचे आशीर्वाद.

तुहं पत्र चुलीत नाई घातलं. सुगरानं संदुकीत ठेवलं, म्हणे पुढं भांडाले कामी पडन.

तुही डॉक्टरीण आली होती. चहा सुगरानं केला. बाई खाटेवर नाई बसली, माह्याजवळ खालीच बसली अन् उजव्या कानाशी येऊन म्हणली, "मनकर्णाबाई, मी माफी मागायला आले." मी म्हणलं, पयले चहा घ्या, माफी काही पयून नाई जात.

मंग तिनं सारं सांगितलं, तू लिहिलं तसंच. मी ऐकून घेतलं. पण खोटं कायले बोलू, मनात धुकधुक होतीच. डॉक्टर लोकं गोड बोलतात. म्हणून मी सरळ विचारलं, बाई, माह्या डोयाची खात्री देता का?

ती म्हणली, "नाही. शंभरात एखादा बिघडतो, आणि तुमच्याकडे तर एकच आहे. म्हणून तुमच्या वेळेस मी जरा जास्त वेळ उभी राहिले. मी भ्याले होते."

पोरी, तवा माहा जीव भांड्यात पडला. तुले वाटन उलटं कसं? मी पन्नास वर्षं वावरात काढले. पेरणीच्या दिवशी आमी तिफणीले कुंकू लावतो, हात जोडतो. पाणी येईन का नाई, बी उगवन का नाई, कोणाले माहीत? भेव असते म्हणूनच जोडतो. ज्याले भेव नाई त्याले पेरणी समजलीच नाई. पण हात जोडून कोणी घरी जात नाई वं, जोडून झाले की तिफण धरतो. हेच मी तिले म्हणलं. म्हणलं, मले काय माहीत की तुमचं ते पेरणीचं हात जोडणं होतं. मले ते मयतीचं वाटलं.

सुगरा म्हंते तिच्या डोयात पाणी आलं. मले कुठी दिसते.

मंग म्हणली, आता मी ते सोडलं. मी म्हणलं, सोडाचं नाई. अकरा वर्षांची रीत मोडली तं हात चुकन, अन् माह्याच डोयात चुकन. तुमी जोडा. फकत आधी माणसाले सांगत जा. अन् त्या टेबलावर माणूस लय एकटं असते, त्याचा हात धराले कोणीतरी ठेवा. माहा हात ज्योत्स्ना धरन, नाई तं मी येत नाई.

हो म्हणली. १७ तारीख देली.

जाताना माह्या अंगठ्याचं नख तिनं पुन्हा पाह्यलं. मी मुठीत लपवलं.

तुही आत्या

*

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

इथे येऊन दोन आठवडे झाले. जुनीच नोकरी, जुनंच कपाट. काम खूप आहे, यंत्रं नवी आहेत, पण इथल्या पेशंटची नखं कशी आहेत ते मला माहीत नाही.

तुझं ऑपरेशन माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. डॉ. मार्थांनी वाकून तुझ्या कानात सांगितलं, "मनकर्णाबाई, आता मी हात जोडतेय." आणि तू खालून आपलेही जोडलेस. माझा हात तुझ्या हातात होता, तो सोडायचं तुला सुचलं नाही, म्हणून तो मध्येच राहिला. मी इतकी ऑपरेशनं पाहिली, पण त्या दिवशी मी डोळ्याकडे न बघता तुझ्या हातांकडेच बघत राहिले. कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा वाटलं होतं तू मला बघशील. तर तू मागे उभ्या सुगराचाचीकडे टक लावून पाहिलंस आणि म्हणालीस, "तू कवा म्हातारी झाली वं? मले सांगितलं बी नाई." चाची तीन दिवस फुगून होती.

थेंब टाकतेस ना? धुरात जाऊ नकोस. बाबा म्हणत होते की सोमवार-मंगळवार तू घरी सापडतच नाहीस, दाराला कुलूप असतं. कुठे जातेस?

मी तिथून निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा ये. मी हो म्हटलं खरं, पण रजा कधी मिळेल सांगता येत नाही. टेबलाशी आता पेशंटचा हात कोण धरतं, हा विचार सारखा येतो.

तुझी,
ज्योत्स्ना

*

इंझोरी
१२ मार्च २०२५

चि. ज्योत्स्नाले आत्याचे लय आशीर्वाद.

चिंता करू नको. हात मी धरते.

तू गेली अन् लगेच पयल्याच गुरुवारी डॉक्टरीण गाडीतून उतरली, म्हणली, मनकर्णाबाई, अट तुमीच घातली होती, आता माणूस बी तुमीच द्या. मी म्हणलं, मी बहिरी, मी काय कामाची? ती म्हणली, हात धराले कान लागत नाई. तवापासून सोमवारी गाडीत बसते, बुधवारी परत येते. मले बी हिरवी टोपी देते, अंगात झगा, हात साबणानं घासून घासून लाल करते. एक दिवस मले उशीर झाला तं घड्याळ काढून समोर ठेवलं. मी म्हणलं, बाई, मले आता घड्याळ दिसते, तुमच्यामुळंच दिसते, पण वाचता येत नाई. तवा पयल्यांदा ती मोठ्यानं हासली.

तुह्या बापाले म्हण, पोरगी फुकट राबते म्हणून तू चिडला होता, आता बहीण बी राबून राह्यली. काय कराचं ते कर.

कालचं सांगते. दूरच्या तांड्यावरची एक बाई होती, माह्याच वयाची. दोन्ही डोये भरलेले. सोमवारी मी तिले सारं समजावून सांगितलं, बाई हात जोडन, भ्याचं नाई. हो हो म्हणली. पण टेबलावर झोपली, डॉक्टरणीनं हात जोडले, अन् ही उठूनच बसली. माहा हात झटकून राह्यली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणली, "माय, तिनं हात जोडले. माहं काही खरं नाई आता. सोड मले."

मी म्हणलं, माह्या या डोयाच्या वक्ती बी तिनं असेच जोडले होते.

ती म्हणली, "मंग?"

मी म्हणलं, मंग काय? तुह्या मनगटावर गोंदलेलं हाय. तुयशीचं झाड हाय अन् खाली चार टिपके. त्यातला एक पुसट झाला.

तिनं हात झटकणं सोडलं. जराशानं आपल्या मनानं आडवी झाली अन् दुसरा हात बी मले देला.

तुही आत्या,
मनकर्णाबाई